लेपर्ड सरळ कशी जाते?

डिस्क गोल्फमधल्या इनोव्हा कंपनीच्या 'लेपर्ड' या फेअरवे ड्रायव्हर डिस्कचे उड्डाण-आकडे ६, ५, -२ आणि १ असे आहेत: वेग, तरंगणं, सुरुवातीचा कल, शेवटचं वळण. उजव्या हाताने बॅकहँड फेकल्यास ती वेगात असताना उजवीकडे झुकते आणि मंदावली की डावीकडे वळते. इथे -२ हाच आकडा नवख्यांना छळतो. जोर वाढवला की डिस्क उजवीकडे उलटते, आणि मग दोष तिच्या माथी येतो. तो बहुतेकदा मनगटाचा असतो! सोडताना मनगट पिरगळलं की डिस्क थरथरत निघते व आणखी उजवीकडे ढकलली जाते.

सुंदर उपाय म्हणजे हायझर-फ्लिप. शरीरापासून दूरची कड किंचित खाली ठेवून फेका. हवेत ती आपणहून सपाट होते आणि सरळ धावते. कोन थोडाच हवा, फिरकी मात्र भरपूर. पुढची कड वर उचलली गेली तर डिस्क उंच चढते, वेग गमावते आणि डावीकडे कोसळते. समोरून वारा असेल तर कल वाढतो. अशा वेळी 'टीबर्ड'सारखी स्थिर डिस्क काढावी. डीएक्स प्लास्टिकची लेपर्ड झिजली की तिचा कलही वाढत जातो.