मांडव्यात दिसलेली ‘सुरंगी’ खरंच सुरंगी आहे का?

मांडवा जेट्टीवर उतरून किहीमच्या दिशेने निघालं की किनाऱ्यालगत एक झाड दिसतं. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळ्या केसरांचा गुच्छ, सुरेख वास. फोटो निघतो आणि खाली हॅशटॅग पडतो: सुरंगी.

बहुतेक वेळा ती उंडी असते.

चूक साहजिक आहे. दोघी एकाच कुळातल्या, कॅलोफायलेसी. (नागकेशरही त्यातलाच. गंमत म्हणजे सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या बाजारात ‘लाल नागकेशर’ म्हणून विकल्या जातात, म्हणजे गोंधळ जुनाच आहे.) पानंही दोघींची जाड, चकचकीत, समोरासमोर.

म्हणून फुलापेक्षा ते फांदीवर कुठे आलंय ते बघा. उंडीची फुलं पानाच्या बेचक्यातून लांब देठांवर, सुटी सुटी येतात. सुरंगीची मात्र पानं झडलेल्या जुन्या फांदीला चिकटून, झुबक्यांनी. बहर नसेल तर पान उजेडासमोर धरा. उंडीच्या पानात मधल्या शिरेपासून कडेपर्यंत बारीक, दाट, समांतर रेषा दिसतात. सुरंगीच्या पानात शिरांची जाळी असते.

आता हे कळून करायचं काय? मांडव्याच्या बाजूला प्लॉट घेऊन झाड लावणार असाल तर बरंच काही. उंडी वाळूत, खाऱ्या वाऱ्यात तग धरते. तिची फळं समुद्रावर तरंगत जातात, त्यामुळे ती पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिक बेटांपर्यंत पोचली आहे. सुरंगी फक्त पश्चिम घाट आणि कोकणपट्टीची. शिवाय काही झाडांवर फक्त नर फुलं येतात, तिथे फळ धरतच नाही.

सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याच्या बाजूला, फेब्रुवारी ते एप्रिल सुरंगीचा हंगाम. कळी उमलायच्या आत झाडावर चढून खुडावी लागते, तरच गजरा होतो. बाकीच्या वाळवून अत्तरासाठी जातात. म्हणजे एक जुनं झाड तोडलं की कुणाच्या तरी घरातली दरवर्षीची कमाई जाते. नव्या रोपाला तिथवर यायला कितीतरी वर्षं लागतात.

उंडीची कमाई तेलात. पूर्वी दिव्यात जळणारं हे कडू तेल आज ‘तमानू’ नावाने इवल्या बाटल्यांत ऑनलाइन मिळतं, भाव बघून आजी हसेल. फक्त ते त्वचेला लावायचं आहे, खायचं नाही. झाडाखाली पडलेली गोट्यांसारखी हिरवी फळंही पोरांना तोंडात घालू देऊ नका.