जुना कॅमेरा सापडला? झाकण उघडू नका!

ग्वाल्हेर : शिंदेशाहीच्या काळात लष्कर भागात स्थायिक झालेल्या मराठी घरांत माळा आवरताना आग्फा क्लिक-३ नाहीतर यशिका इलेक्ट्रो ३५ अजूनही निघतो. मोह होतो तो लगेच उघडून बघण्याचा. तेच करू नका. क्लिकच्या पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा दिसला तर आत रोल आहे, त्यावर कदाचित आजोबांचा शेवटचा फोटोही असेल. १२ च्या पुढे कागद संपेपर्यंत चावी फिरवा, मगच अंधाऱ्या खोलीत रोल काढा. डेव्हलप केल्यावर धुरकट का होईना, बऱ्याचदा काहीतरी उमटतं.

क्लिक बडोद्यात बनायचा. एक भिंग, एक पातं, एक स्प्रिंग, बस्स! शटर अडकलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. तेल मात्र नको, ते धूळ धरतं.

यशिका फसवा. १९६६ मध्ये आलेल्या या कॅमेऱ्याला ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागे, ती आता बनत नाही. बॅटरीशिवायही शटर खट्कन वाजतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण ते दर वेळी १/५०० सेकंदच उघडतं आणि घरातले फोटो काळे येतात. उपाय स्वस्त आहे : ६ व्होल्टची ४एलआर४४ बॅटरी, भोवती कागदाची नळी, उरलेल्या जागेत स्प्रिंग.

झाकणाच्या कडेचा स्पंज डांबरासारखा चिकट झाला असेल, तर खरवडून तिथे काळी लोकर बसवा, नाहीतर प्रकाश शिरतो. भिंगाच्या कोटिंगमध्ये उतरलेली बुरशी मात्र घरी जात नाही.