पाण्यावरचं बिऱ्हाड

शकुंतलेची गोष्ट तुला ठाऊक आहे ना? रानात टाकलेल्या त्या तान्ह्या पोरीला पाखरांनी सांभाळलं, मग कण्व ऋषींनी तिला आश्रमात नेलं. तो आश्रम आपल्या काळू नदीच्या काठी होता, असं टिटवाळ्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. आज आपण पाखरं स्वतःची पिल्लं कशी सांभाळतात ते बघू या.

तो बघ, तळ्यात लव्हाळ्याजवळ एक पक्षी बुडाला. कबुतराहून लहान, मान विटकरी, चोचीच्या मुळाशी पिवळट ठिपका. ही टिबुकली. थांब, आता दुसरीकडेच वर येईल. आली! चोचीत पाणगवत आहे. ते गवत ती लव्हाळ्यात अडकलेल्या ओल्या ढिगावर ठेवते आहे. तिचा जोडीदारही तेच करतोय. नर कोण, मादी कोण, ते मलाही सांगता यायचं नाही. दोघं दिसतात सारखीच आणि घर बांधतातही मिळून.

झाड सोडून पाण्यात घर का? तिचे पाय बघितलेस तर कळेल. होडीचा पंखा मागे असतो ना, तसे तिचे पाय शरीराच्या पार मागच्या टोकाला असतात. प्रत्येक बोटाला कातडीच्या चपट्या पट्ट्या असतात. पाण्याखाली ती माशामागे सुसाट जाते, पण जमिनीवर तिला धड चालता येत नाही. म्हणून काठापासून दूर, तरंगतं घरटं. ते पाणवनस्पतींच्या देठांना अडकवलेलं असतं, त्यामुळे वाहून जात नाही. पावसाने पाणी चढलं की घरटंही वर उचललं जातं. तरी भिजायला लागलं, तर जोडी आणखी पाला आणून थर चढवते.

आता खरी गंमत ऐक. अंडी घालते तेव्हा ती पांढरी असतात. पांढरं अंडं घारीला, कावळ्याला लांबून दिसणारच. मग टिबुकली काय करते? घरट्यावरून उठताना चोचीने भराभर ओला पाला ओढून अंडी झाकून टाकते. वरून बघणाऱ्याला दिसतो नुसता कुजका कचरा. परत आली की पाला बाजूला सारते आणि पुन्हा उबवायला बसते. त्या ओल्या पाल्याने अंडी हळूहळू तपकिरी होतात, म्हणजे लपायला आणखी सोपं. साधारण वीस दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, अंगावर पट्टे असलेली. आई-बाबांच्या पाठीवर चढून पिसांत दडतात आणि तिथूनच तळं बघतात. या कुळातले पक्षी आपली मऊ पिसं गिळतात, पिल्लांनाही भरवतात. माशांच्या काट्यांपासून पोटाला त्यांचा आधार होत असावा, असं अभ्यासक मानतात.

आपल्या टिटवाळ्याच्या गणपतीचं देऊळ म्हणे पेशवाईत तळं उपसताना गाळात सापडलं. तळं साफ करणं चांगलंच काम. पण तू आणि तुझे मित्र पावसाळ्यात सफाईला उतरलात आणि लव्हाळ्यात असा कुजक्या पाल्याचा ढीग दिसला, तर हात लावू नका. लांब जाऊन अर्धा तास गप्प उभे राहा. टिबुकली येऊन त्यावर बसली, तर मोठ्यांना सांगा : पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत लव्हाळ्याचा हा पट्टा तेवढा राहू द्या.