पाचट कुजवणारी बुरशी आणि फ्लोराइड

रानातले पाचट कुजवण्यात मोठा वाटा बुरशीचा. नदीत पडलेला पाला कुजवणारीही तिचीच भावकी. या बुरशीला फ्लोराइड मानवत नाही. अल्युमिनियमच्या कारखान्यांच्या धुरातून ते आसपासच्या जमिनीत साचते, तिथे पाला कुजायचा मंदावतो.

तशी बुरशी लेचीपेची नाही. आत शिरलेले फ्लोराइड ती पेशीबाहेर फेकते. यीस्टमधली ही सोय २०१३ साली उजेडात आली. ती काढून टाकताच यीस्ट फ्लोराइडला हजारपटीने हळवे झाले. पाणी आम्लधर्मी असले की फ्लोराइड जास्त शिरते.

कोणी म्हणेल, "साहेब, आमचा काय संबंध?" संबंध सुपर फॉस्फेटचा. ज्या खडकापासून ते बनते त्यात फ्लोराइड असते, थोडे खतात उतरते. चुनखडीच्या काळ्या रानात चुना त्याला बांधून ठेवतो, म्हणून घाबरून सुपर बंद करू नका. चोपण रानात मात्र ते सुटून पाण्यात मिसळते. तिथे जिप्सम टाकावे. अशा भागातल्या बोअरचे पाणी पिण्याआधी तपासावे, लिटरला १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. मातीचा नमुना लागणीआधीच चिटबॉयकडे द्यावा, नंतर धावपळ नको.