चहा-पाव की मूठभर शेंगदाणे?

सकाळी कामावर जायची घाई असते. मग मुलाच्या हाती चहा-पाव देऊन आपण त्याला शाळेत पाठवतो. पोट भरते, पण थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. पाव मैद्याचा असतो. मैदा करताना गव्हाचा कोंडा आणि अंकुर निघून जातो. त्याबरोबर चोथा, लोह आणि जीवनसत्त्वेही बरीच कमी होतात.

100 ग्रॅम पावात सुमारे 8 ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच शेंगदाण्यांत सुमारे 25 आणि बदामात 21. म्हणून बदाम परवडत नाहीत याची खंत नको.

पण दाण्यांत जवळपास निम्मे तेल असते. त्यामुळे रोज मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम पुरेत. पावाऐवजी ज्वारीची भाकरी आणि दाण्याची चटणी दिली तर उत्तमच.

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. बारीक कूट जेवणात मिसळून द्या. दाणे खाऊन अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले तर ते बंद करून डॉक्टरांना दाखवा. धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा. काळपट, बुरशी आलेले दाणे फेकून द्या. भाजल्याने बुरशीचे विष पूर्ण जात नाही.