लोंगच्युआनच्या झिलईचा वर्ण

चीनच्या झेजियांग प्रांतातील लोंगच्युआन येथील मृत्पात्रांची झिलई हिरवट दिसते. तिच्या मिश्रणात मात्र हिरवे असे काहीच नसते. दगडाची पूड, चुना, राख आणि शेकडा एक ते तीन लोह-ऑक्साइड, एवढीच तिची सामग्री होय. हेच मिश्रण भट्टीत भरपूर हवा ठेवून भाजल्यास पिवळट वा तपकिरी उतरते. उलटपक्षी, भट्टी सुमारे १००० अंश सेल्सिअस तापल्यावर हवा कोंडली, म्हणजे अर्धवट जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो; तो लोहाचा काही ऑक्सिजन हरण करतो आणि फेरिक लोहाचे फेरस होते. हे क्षपण झिलई वितळण्यापूर्वीच साधावे लागते; पृष्ठ एकदा मिटले की पुढील धुराचा फारसा उपयोग नाही. दक्षिण सुंग काळात (११२७–१२७९) झिलईचे अनेक थर चढवीत. त्यांतील सूक्ष्म बुडबुडे प्रकाश विखुरतात व पात्राला हरितमण्याची स्निग्धता येते.

हा वर्ण हिरवा की निळा, हा प्रश्न मराठी भाषकाचा. चिनी ‘छिंग’ या शब्दात दोन्ही सामावतात. मात्र हवा कोठे शिरली, हे भट्टी उघडताच कळते: एकाच मिश्रणाची दोन पात्रे, एक हिरवे, दुसरे पिवळट.