प्रथमोपचार पेटी आहे. पण चावी कुणाकडे?

नोव्हेंबर २०२३ मध्ये कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातील चिनमगेरा येथील सरकारी शाळेत मध्यान्ह भोजनाच्या उकळत्या सांबारात पडून एक लहान विद्यार्थिनी गंभीर भाजली. उपचारांदरम्यान तिचा मृत्यू झाला. एवढ्या भाजण्यावर कोणतीही पेटी पुरी पडत नाही, हे खरेच. मात्र महाराष्ट्राला लागून असलेल्या बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील शाळांपुढे या घटनेने एक साधा प्रश्न ठेवला : १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत शाळेच्या हाती काय असते?

भाजण्यावर पहिले औषध पेटीत नसतेच. ते नळाला किंवा घागरीत असते. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे, नंतर स्वच्छ गॉज सैलसर ठेवावे. टूथपेस्ट, हळद वा बर्फ लावल्याने इजा वाढू शकते. त्यामुळे पेटीची जागा स्वयंपाकघराजवळ, पण चुलीच्या धगीपासून दूर हवी. मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटातील पेटी ते बैठकीला तालुक्याला गेले की असून नसल्यासारखीच.

पेटी विकत घेणे सोपे; ती भरलेली ठेवणे अवघड. या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली चिकटपट्टीचा डिंक सुटतो, मलमे पातळ होतात. मुदत संपलेली औषधे मात्र जागा अडवून राहतात. महिन्यातून एकदा तपासणी, वापरलेल्या वस्तूची तारखेसह वहीत नोंद आणि त्याच आठवड्यात भरपाई, एवढी शिस्त पुरते. ओआरएसच्या पुड्यांवर लक्ष हवे : मोठी पुडी एक लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण मिसळायची आणि चोवीस तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यायचे.

खर्चाचा प्रश्न उरतो. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांनुसार तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला दहा हजार, तर शंभरपर्यंतच्या शाळेला पंचवीस हजार रुपयांपर्यंत एकत्रित अनुदान मिळते. त्यातच दुरुस्ती, वीज आणि शैक्षणिक साहित्य भागवायचे. मग कापसाचा क्रमांक शेवटी लागतो, यात नवल नाही. शाळा विकास व देखरेख समितीने वर्षारंभीच लहानशी रक्कम बाजूला काढणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

तूर-सोयाबीनच्या शिवारातील शाळांना पावसाळ्यात सापाचेही भय असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली. येथे पेटीचे काम मर्यादित आहे : मुलाला निश्चल ठेवावे, आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, थेट रुग्णालय गाठावे, प्रतिविष तिथेच मिळते. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. भालकी, औराद, बसवकल्याण परिसरातील मराठी शाळांत या सूचना कन्नडसोबत मराठीतही पेटीच्या झाकणावर चिकटवता येतील. त्याला अनुदान लागत नाही.